विचारणं आणि वदवून घेणं

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपीचे वकील उभे राहून 'सरकार पक्षाने तपास कसा केला ते जरा बघा' असं म्हणू लागले की माझं डोकं अजूनही तापतं. तुमचंही तापत असेल. कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळत ही भाषणं आपण किती वेळा ऐकली आहेत! मुलीला पढवलंय. आईचं आणि आरोपीचं जुनं भांडण आहे. संघटनेच्या बायकांनी केस उभी केलीय. काळा कोट तोच, वाक्यंही तीच.

हा राग काही उगाच आलेला नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरावर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, तिला आधीपासून शरीरसंबंधाची सवय होती, असल्या मुद्द्यांना त्या खटल्यात वजन मिळालं. १९७९ साली चार कायदेप्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं आणि त्यातून देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. तरीही फिर्यादी बाई 'सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची' आहे असं दाखवायची मुभा देणारं कलम पुरावा कायद्यातून जायला २००२ ची दुरुस्ती यावी लागली. आरोपीच्या वकिलांनी ते कलम तोवर किती बायकांवर चालवलं असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तेव्हा बचाव पक्षाकडे संशयाने बघायला आपण शिकलो, ते बरोबरच होतं. पण सवय झाली की कान बंद होतात. 'सरकार पक्षाने चुकीच्या पद्धतीने विचारलं' हा आक्षेप कधी खराही असू शकतो, आणि तो ऐकला नाही तर त्याची किंमत त्या मुलीलाच मोजावी लागते, हे मला फार उशिरा कळलं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होते. गेल्या महिन्यात नव्या कार्यकर्त्यांच्या शिबिराची तयारी करताना अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ सालचा एक निकाल पुन्हा वाचला आणि ठरवलं की आता लिहावं.

त्या खटल्याची हकिगत आधी सांगते. मेपलवूड नावाच्या गावात 'वी केअर' नावाची बालवाडी होती. केली मायकेल्स ही विशीतली तरुणी तिथे सप्टेंबर १९८४ ते एप्रिल १९८५ असे सात महिने कामाला होती. ती नोकरी सोडून गेल्यावर थोड्याच दिवसांनी बालवाडीतल्या चार वर्षांच्या एका मुलाला दवाखान्यात नेलं होतं. तिथे गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघताना तो म्हणाला की माझ्या बाईही मला असंच करतात. एवढ्या एका वाक्यावरून तपास सुरू झाला. इथवर कोणाचंच काही चुकलं नाही. असं वाक्य ऐकून ज्या आईच्या काळजात धस्स होणार नाही ती आई कसली? तपास व्हायलाच हवा होता.

चुकलं ते त्यापुढे. अमेरिकेत सरकारी वकिलांच्या कचेरीचे स्वतःचे तपासनीस असतात. आपल्याकडे पोलीस वेगळे आणि सरकारी वकील वेगळे, तसं तिथे काटेकोर नाही. त्या कचेरीची माणसं आणि राज्याच्या बालसंरक्षण विभागाची माणसं मिळून तीन ते पाच वर्षांच्या मुलांना विचारायला बसली. पहिल्या भेटींचं ध्वनिमुद्रण नाही. काही टिपणं नष्ट केलेली. जी मुद्रणं पुढे कोर्टासमोर आली त्यांत काय आहे ते निकालपत्रातच दिलं आहे. मूल 'नाही' म्हणालं तर ते उत्तर धरायचंच नाही, परत विचारायचं, पुन्हा परत विचारायचं. तुझ्या मित्रांनी आम्हाला सगळं सांगितलंय, तूच राहिलास, असं म्हणायचं. केली वाईट आहे, ती तुरुंगात आहे, तिला तिथेच ठेवायला आम्हाला मदत कर, असं सांगायचं. मदत करणाऱ्या मुलाला पोलिसाचा खोटा बिल्ला. न सांगणाऱ्याला लाडीगोडी, आणि तीही चालली नाही तर थोडा दरारा.

मुलांनी सांगितलं. चमचे, काटे, सुऱ्या, लेगोचे ठोकळे यांनी केलेल्या अत्याचारांच्या गोष्टी सांगितल्या. शाळा चालू असताना, इतर शिक्षिका आसपास असताना, सात महिने हे चाललं होतं असा आरोप ठेवला गेला. त्या सात महिन्यांत दुसऱ्या कोणाही शिक्षिकेला काही दिसलं नव्हतं, एकाही पालकाला मुलाच्या अंगावर काही आढळलं नव्हतं. सरकार पक्षाच्या तज्ज्ञ बाईंनी कोर्टात सांगितलं की अत्याचार झालेली मुलं आधी नाकारतात, मग थोडं सांगतात, मग परत फिरवतात. हे खरं आहे, आपणही पाहिलंय. पण ज्या मुलावर काहीच झालेलं नाही तेही नाकारणारच ना? मग 'हो' म्हणालं तरी पुरावा आणि 'नाही' म्हणालं तरी पुरावा, अशी ती गाठ बसली. आरोपीने त्यातून सुटावं कसं?

खटला सुमारे दहा महिने चालला. मुलांच्या साक्षी न्यायाधीशांच्या दालनात झाल्या आणि आरोपीने त्या टीव्हीच्या पडद्यावर पाहिल्या. मुलांना कोर्टाची भीती वाटू नये म्हणून केलेली ही सोय चांगलीच होती. आपणही इथे तेच मागत होतो. पण न्यायाधीश मुलांना मांडीवर घेत, कानात कुजबुजत, शाबासकी देत. ज्याने निष्पक्ष बसायचं तोच मुलांना धीर देता देता सरकार पक्षाच्या बाजूला सरकला. एप्रिल १९८८ मध्ये ज्यूरीने केलीला २० मुलांच्या संदर्भातल्या ११५ आरोपांवर दोषी ठरवलं. शिक्षा ४७ वर्षांची.

अपिलाचं काम मॉर्टन स्टेव्हिस यांनी घेतलं. हे काही गुंडांचे वकील नव्हेत. नागरी हक्कांच्या चळवळीसाठी कोर्टात उभं राहणारी 'सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल राइट्स' ही संस्था ज्यांनी १९६६ साली स्थापन केली त्यांतले ते एक. निकाल लागायच्या आधीच ते वारले. सहकाऱ्यांनी काम पुरं केलं. त्यांनी अपिलात बोट ठेवलं ते मुलांवर नाही, विचारणाऱ्यांवर. मुलं खोटारडी आहेत, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. या मुलांना असं काही विचारलंय की आता त्यांच्या मनात काय घडलेलं आहे आणि काय घातलेलं आहे, हे कोणालाच, खुद्द मुलांनाही, वेगळं काढता येणार नाही, असं ते म्हणणं होतं. पुढे मॅगी ब्रुक आणि स्टीफन सेसी या मुलांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी बऱ्याच संशोधकांच्या वतीने न्यायालयाला निवेदन दिलं, त्यातही हेच होतं.

मार्च १९९३ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तोवर केलीची पाच वर्षं तुरुंगात गेली होती. जून १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि डिसेंबरात सरकार पक्षाने आरोप मागे घेतले.

त्या निकालातली एक ओळ वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. बहुतेक मुलांना ज्याने विचारलं त्या तपासनीसाने सांगितलं होतं की विचारपूस म्हणजेच मुलाच्या बरं होण्याची सुरुवात, असं मानून आम्ही काम केलं. मैत्रिणींनो, हे वाक्य माझं आहे. तुमचंही असेल. आपल्या किती शिबिरांत आपण हेच शिकवलं! तिला बोलतं करा. बोलली की मोकळी होईल. दुःखाच्या बाबतीत ते खरंही आहे. पण जिथून पुढे जबाब, आरोपपत्र आणि शिक्षा जाणार आहे तिथे मन मोकळं करणं आणि माहिती काढणं एकाच बैठकीत, एकाच बाईने करायचं ठरवलं की काय होतं, ते मी केलेलं आहे.

२०१५ सालची गोष्ट. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. सहा वर्षांची मुलगी. आई तिला आमच्या कार्यालयात घेऊन आली. मुलीला लघवीला त्रास होत होता आणि ती 'काकांनी दुखवलं' एवढंच म्हणत होती. मी तिला जवळ घेतलं, बिस्किटाचा पुडा फोडला आणि विचारलं, "कुठले काका गं? वरच्या मजल्यावरचे?" तिने मान हलवली.

चाळीत एका मुलीचे किती काका असतात! वरच्या मजल्यावरच्याचं नाव माझ्या तोंडात आलं, कारण तो दारू पितो, बायकोला मारतो, आणि आधीच्या महिन्यात मी त्याच्याशी भांडून आले होते. पुढे आमची दुसरी कार्यकर्ती तिच्याशी बोलली, आई रोज रात्री विचारत राहिली, मग पोलीस, मग डॉक्टर. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढली आणि नाव पक्कं झालं. पोलिसांनी जबाब टंकला तो नेहमीच्या साच्यात: 'समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की…' सहा वर्षांची मुलगी त्या कागदावर 'सदर इसमाने' म्हणत होती.

मी साहाय्यक व्यक्ती म्हणून कोर्टात तिच्याशेजारी बसले होते. पॉक्सो कायद्यात आरोपीच्या वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचा नसतो, न्यायालयामार्फत विचारायचा असतो. वकिलांनी प्रश्न दिला आणि न्यायाधीश बाईंनी तो मुलीला सोप्या शब्दांत विचारला: वरच्या मजल्यावरच्या काकांचं नाव आधी कोणी घेतलं?

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "ताईंनी."

त्यानंतर काय उरलं? आरोपी सुटला. त्या वकिलांना मी पुढे दोन वर्षं जिथे तिथे नावं ठेवली. हलकट, पैशासाठी लहान पोरीला फोडली, वगैरे. ते गृहस्थ मुलीशी एक शब्दही वाकडा बोलले नव्हते, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. त्याच माणसाने तिला दुखवलं होतं का? मला माहीत नाही. असेल, तर माझ्या एका प्रश्नाने तो सुटला. नसेल, तर एक निरपराध माणूस वर्षभर आत राहिला आणि खरा जो कोणी होता तो त्याच चाळीत, त्याच जिन्यावर, त्या मुलीच्या येण्याजाण्याच्या वाटेवर राहिला. घरच्यांनी शेवटी खोली विकली आणि ते गावी गेले.

न्यू जर्सीच्या त्या वीस मुलांचंही मला हेच वाटतं. त्यांच्यातल्या एखाद्यावर खरोखर काही झालं असेल, तर ते आता कधीच कळणार नाही. आणि झालं नसेल, तर न झालेल्या अत्याचाराची आठवण घेऊन ती मोठी झाली. केलीला न्याय मिळाला असं म्हणता येईल, उशिरा का होईना. मुलांना काय मिळालं?

आता एक वेगळं, थोडं कडू बोलायचं आहे. स्त्री चळवळीने त्या काळात काय केलं? अमेरिकेतल्या आपल्या सगळ्यांच्या आदराच्या 'मिस' मासिकाने १९९३ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर अघोरी पंथांकडून मुलांवर होणारे अत्याचार खरे आहेत, विश्वास ठेवा, असं बजावलं. त्यानंतर दोनतीन महिन्यांतच केलीची शिक्षा रद्द झाली. आणि डेबी नेथन नावाची पत्रकार, तीही स्त्रीवादीच, हिने १९८८ सालीच या खटल्यावर लिहून धोक्याचा इशारा दिला होता. तिच्यावर आपल्याच बाजूच्या लोकांनी अत्याचाऱ्यांची वकिली केल्याचा ठपका ठेवला. मला ते वाचून आमच्या एका जुन्या बैठकीची आठवण झाली. एका तरुण मैत्रिणीने विचारलं होतं, आपण मुलीला हे असं विचारणं बरोबर आहे का? आम्ही तिला बोलूच दिलं नाही. ती नंतर आली नाही.

यावर तुम्ही म्हणाल, असं लिहून उद्या हा अंकच एखादा वकील कोर्टात फडकवेल. आमच्या संपादक गटातही हेच निघालं. एक जण तर म्हणाली, "आरोपीचंच काम करतेयस तू." तिचं भय मला समजतं. 'पढवलेली साक्षीदार' हा शब्द आपल्याकडे इतका स्वस्त आहे की बाजू कमकुवत असली की पहिला तोच काढतात. पण न्यू जर्सीच्या न्यायालयाने काय म्हटलं ते नीट बघितलं पाहिजे. मुलं म्हणून मुलांकडे संशयाने बघायचं नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. नुसतं 'पढवलंय' म्हणून चालणार नाही, विचारपूस दूषित होती याचा काहीतरी पुरावा आधी आरोपीने दाखवायचा. तो दाखवला, की मग मुलाचं म्हणणं तरीही विश्वासार्ह आहे हे स्पष्ट आणि पटण्याजोग्या पुराव्याने सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. आणि हे खटल्याच्या आधीच, वेगळ्या सुनावणीत. म्हणजे ज्या मुलीला नीट विचारलं आहे तिच्यापुढे हवेत आरोप करणारा वकील तिथेच अडतो. नीट विचारल्याची नोंद ही तिची ढाल आहे. आमच्या मुलीकडे ती नव्हती, कारण मी ती ठेवली नव्हती.

आपल्या कायद्यातही याची बीजं आहेत, बरं का. पॉक्सो २०१२ साली आला. मुलाचं म्हणणं ते बोलेल तसंच लिहावं, विश्वासाच्या माणसासमोर लिहावं, शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करावं, परत परत कोर्टात बोलावू नये, असं त्यात आहे. 'बोलेल तसंच' हे दोन शब्द 'सदर इसमाने' लिहिणाऱ्या हवालदाराला कोणी वाचून दाखवलेत का? आणि याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. ठरावीक गुन्ह्यांत आरोपीनेच तो केला असं न्यायालयाने गृहीत धरायचं असतं, नाही म्हणणं त्याने सिद्ध करायचं. मूळ घटना सरकार पक्षाने आधी मांडलीच पाहिजे असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलंय, तरी भार जड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने यातल्या गंभीर गुन्ह्याला फाशीची तरतूदही आली. एवढं सगळं एका लहान मुलीच्या वाक्यावर उभं राहणार असेल, तर ते वाक्य तिचंच आहे ना, याची खात्री करणं हे फक्त बचाव पक्षाचं काम कसं असेल? ज्या मुलीचं वाक्य आहे तिच्या बाजूने आपण उभ्या आहोत.

आमच्या गटाने काही गोष्टी बदलल्या आहेत. मुलगी येते तेव्हा तिचे पहिले शब्द, जसेच्या तसे, तिच्याच बोलीत, तारीख-वेळेसकट वहीत उतरवतो. त्याच्याशेजारी आम्ही काय विचारलं तेही लिहितो. हे आधी कधीच करत नव्हतो. "काय झालं ते सांग" आणि "मग?" यापलीकडे विचारत नाही. नाव आपल्या तोंडून घेत नाही. ती 'नाही' म्हणाली, 'आठवत नाही' म्हणाली, तर तेही लिहितो, आणि पुन्हा विचारत नाही. आईला सांगतो की रात्री उकरून काढू नका, तिने आपणहून सांगितलं तर ऐका. खाऊ मुलगी आल्याबरोबर द्यायचा, बोलल्यावर नाही. जी तिला सांभाळते ती माहिती काढत नाही. माणसं कमी पडतात, हे खरंच आहे. दोघींच्या कार्यालयात हे कसं जमवायचं, ते अजून आम्हाला नीट उमगलेलं नाही.

आणि आरोपीच्या वकिलांनी आमची वही मागितली तर? ती द्यावी लागेल. तिच्यात आमची एखादी चूकही सापडेल. त्यावर आमच्या गटात अजून वाद चालू आहे. तुमच्याकडे मुलांचे पहिले जबाब कोण घेतं, ते कसे लिहिले जातात, पोलीस ठाण्यात टंकलेला जबाब मुलीला तिच्या भाषेत वाचून दाखवतात का, हे आपल्या गटात बोलून आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू. ज्यांच्या हातून माझ्यासारखं काही घडलं असेल त्यांनी नाव न देता लिहिलं तरी चालेल.